अळणी काला

“बुवा, आता तरी सांगा. मी सुखी झालो की नाही?”

विश्वंभरानं हे विचारलं तेव्हा अवचितबुवा काठवटीत काला कालवत होते. हात मनगटाच्या वरपर्यंत भाकरीनं आणि ताकानं माखलेला. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणी विचारलं होतं का तुला?”

“विचारलं नाही कुणी.”

“मग?”

“तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

“असं...” बुवा म्हणाले, आणि भाकरीचा एक कडक तुकडा बोटांनी चुरत बसले.

मी तिथंच होतो, पत्रावळी मांडत. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, ऊन डोक्यावर आलेलं, आणि ह्या बाबाला सुखाचा दाखला हवा होता. मला वाटलं, विचार बाबा काय विचारायचं ते, पण जेवल्यावर विचार.

दुधनेच्या काठावर आमचा मठ होता. मठ म्हणजे काही फार नाही. कुडाच्या दोन खोल्या, पुढं सारवलेली ओसरी आणि मागं एक म्हातारी चिंच. आता तिथं ग्रॅनाईटची फरशी आलीय. कमान झालीय, कमानीवर दिव्यांच्या माळा आहेत. परवा गेलो होतो. महाप्रसादाला पुलाव होता, जिलेबी होती, कागदी ग्लासात मठ्ठा होता. जेवलो. पोट भरलं. नावं ठेवायला जागा नाही. पण हात धुताना त्या काठवटीची अशी काही आठवण आली की नळ तसाच वाहत राहिला आणि मागचा माणूस खेकसला, “ओ काका, सरका की!”

आमच्या वेळी मठात चूल नव्हती. पाच घरी माधुकरी मागायची आणि जे मिळेल ते एका काठवटीत एकत्र कालवायचं, असा बुवांच्या गुरूंनी घालून दिलेला नियम. घरंही त्यांनीच ठरवून दिलेली. कुणाची शिळी भाकरी, कुणाचा ताजा भात, कुणाचं ताक, सगळं एक व्हायचं. वरून काही घालायचं नाही. मठात मिठाचा खडासुद्धा नसे. कुणाची दृष्ट काढायची झाली तर मीठ शेजारून आणावं लागे.

चवीचं म्हणाल तर काही दिवशी डोळे मिटून गिळावं लागे. खोटं कशाला बोलू? पण काही दिवशी तो घास असा लागायचा की अजून तोंडाला पाणी सुटतं. कारण विचाराल तर सांगता येत नाही.

तर विश्वंभर.

तो मठात आला तेव्हा त्याची बायको तापानं गेलेली होती. पदरी एक मुलगी, शेवंता. नुकती पावलं टाकायला लागलेली. तिला तिच्या मामाकडं, तुळशीरामकडं सोडून हा आला. पहिलं वर्ष नुसता रडायचा. चिंचेखाली बसून रडायचा, नदीवर जाऊन रडायचा. मग हळूहळू थांबला. मग हसायला लागला. पुढंपुढं इतका हसायला लागला की गाव त्याला हसरे महाराज म्हणू लागलं.

त्याला राग येत नसे. रडू येत नसे. पायात काटा गेला तरी “वा!” म्हणायचा. माझ्या तर कधीकधी तळपायाची आग मस्तकाला जायची. अरे, काटा गेलाय, ‘आई गं’ म्हण की एकदा!

लोकांना मात्र त्याचं भारी कौतुक. संध्याकाळी तो ओसरीवर बोलायला बसला की माणसं लांबून यायची. बोलायचाही गोड. “आठवण हीच दुःखाची मुळी,” म्हणायचा. “ती उपटली की राहतो तो निव्वळ आनंद.” बायका माना डोलवायच्या. बुवा कोपऱ्यात सुपारी कातरत ऐकायचे. कधी होय नाही की नाही नाही.

त्या अळणी काल्याच्या आदल्या दिवशी तुळशीराम आला होता. नदीपलीकडनं, रात्रभर वाट तुडवून, सकाळीच. धोतर धुळीनं भरलेलं.

“दाजी, शेवंतेचं लगीन ठरलंय. तेरवा आहे,” तो म्हणाला.

“वा! छान झालं,” विश्वंभर हसून म्हणाला.

“स्थळ चांगलं आहे. पोरगा कष्टाळू आहे. पोरीनं काही मागितलं नाही, दाजी. दागिना नाही, शालू नाही. एवढंच म्हणाली, बाप मांडवात दिसू दे.”

“माझा आशीर्वाद आहे. सांगा तिला.”

“आशीर्वाद तुम्हीच येऊन द्या की.”

“तुळशीराम, मी विधुर. कन्यादान माझ्या हातून व्हायचं नाही. ते तुम्ही नवराबायको करणार. मग मला कशाला ओढता त्या गोंधळात?”

तुळशीराम त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. त्या तोंडावर हसू होतं. तुळशीराम पाणी प्यायला, त्यानं तांब्या असा आदळला की त्याला पोचा पडला, आणि आला तसा निघाला. “आजचा दिवस राहा,” मी म्हटलं. “घरी लगीन आहे,” तो म्हणाला. एवढंच. जाताना त्यानं डोळे पुसले ते मी पाहिलं. मला फार वाईट वाटलं त्याचं. बहिणीची पोर त्यानं पोटच्या पोरीसारखी वाढवली, आणि बापाच्या दारातून रिकामा गेला.

हे सगळं बुवांनी ऐकलं होतं.

“काल तुळशीराम आला, गेला,” विश्वंभर म्हणत होता. “पूर्वीचा मी असतो तर उन्मळून पडलो असतो. पण शेवंतेचं नाव ऐकलं आणि... काही नाही, बुवा. मन स्वच्छ. साधा ओरखडा नाही. ह्याला सुख नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?”

बुवांनी काठवटीतून एक घास उचलला आणि त्याच्यापुढं धरला.

“खा.”

त्यानं खाल्ला.

“कसा आहे?”

“छान.”

“मीठ?”

“बरोबर.”

बुवांनी दुसरा घास माझ्या हातावर ठेवला. मी तोंडात टाकला आणि मला काही कळेचना. भाकरी होती, भात होता, ताक होतं. पण माती चावावी तसं लागत होतं.

“लिंबाजी, तू सांग.”

“अळणी आहे, बुवा. साफ अळणी.”

विश्वंभरानं आणखी एक घास घेतला. डोळे मिटून सावकाश चावला.

“मला तर बरोबर वाटतो.”

बुवा त्याच्याकडं बघत राहिले.

“आज घरं कुठली केलीस?”

“नेहमीची.”

“पाचवं?”

“पाटलीणबाईंचं.”

“ते आपल्या पाचांत नाही.”

“नाही.”

“गयाबाईकडं गेला नाहीस.”

“तिथं फार वेळ मोडतो, बुवा. ती रडत बसते.”

“ती रोजच रडते.”

“म्हणूनच म्हटलं, एक दिवस...”

“काल काय म्हणाली ती तुला?”

विश्वंभर गप्प झाला. गप्प झाला म्हणजे, हसू होतं तोंडावर, पण शब्द नव्हता. मला ठाऊक होतं. आमच्या गल्लीत कुणी शिंकलं तरी सगळ्यांना कळतं. तुळशीरामनं वाट विचारली होती ती गयाबाईलाच. तिनं मग काल दुपारी माधुकरी वाढताना ह्याला दारातच गाठलं होतं आणि विचारलं होतं, “जाणार ना हो लेकीच्या लग्नाला?”

बुवांनी पुन्हा विचारलं नाही. ज्याला ओरखडा उठत नाही, तो बरा एखादं घर चुकवील?

गयाबाईची गोष्ट अशी. एकुलता एक मुलगा, राघू, ऐन मिसरूड फुटायच्या वयात दुधनेच्या डोहात बुडाला. तेव्हापासून माधुकरी वाढताना ती राघूचं काहीतरी सांगायची आणि रडायची. तिच्या कालवणात मीठ दुप्पट असे. दुःखानं बाईचं भान सुटलंय, घातलेलं मीठ ती विसरते, असं गाव म्हणे. नुसतं खायला घेतलं तर घशाखाली उतरायचं नाही. पण आमच्या पाच घरांत बाकीची चार घरं भाकरी, भात आणि ताक देणारी. कालवण द्यायची ती गयाबाईच. काठवटीत गेलं की ते मुरून जाई.

“ऊठ,” बुवा म्हणाले. “जाऊन ये.”

“आत्ता? पानं मांडलीत.”

“आम्ही थांबतो.”

“मीठच हवं तर शेजारून आणतो चिमूटभर.”

“वरून घालत नाहीत.”

विश्वंभर उठला. बुवांनी हात धुतले नाहीत. माखलेला हात तसाच काठवटीवर ठेवून बसले. “लिंबाजी, तूही जा. कालवणाला वाडगा घे.”

माझ्या जिवावर आलं होतं, पण गेलो.

वैशाखातलं ऊन. वाटेवर कुत्रं नव्हतं. विश्वंभराच्या तोंडावरचं हसू परत जागेवर आलेलं.

“गुरूंनी परीक्षा मांडलीय, लिंबाजी.”

“परीक्षा कसली? मला भूक लागलीय,” मी म्हटलं. मी काही त्याच्यासारखा थोर नव्हतो.

गयाबाई उंबऱ्यातच बसली होती. शेजारी ताटाखाली झाकलेली भाकरी. आम्हाला बघून ती उठली नाही.

“आलात? मला वाटलं, माझं घर सोडलं मठानं.”

“उशीर झाला, मावशी,” विश्वंभर म्हणाला.

“खोटं बोलू नका, महाराज. पाटलीणबाईच्या दारात उभे होतात. इथनं सरळ दिसतं.”

मला हसू आलं, ते मी खोकल्यावर नेलं.

“रडकं घर म्हणून सोडलंत ना? सोडा. पण सांगून तरी सोडा. मी आपली भाकरी झाकून बसलेय. मठाचा घास गेल्याशिवाय मला गिळवत नाही, ठाऊक नाही का तुम्हाला?”

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली. वांग्याचं कालवण होतं. तिनं ते पातेल्यातून वाडग्यात ओतलं, फडताळातून मिठाची बरणी काढली आणि आमच्यादेखत वर आणखी चिमूटभर मीठ टाकलं.

“मावशी, मीठ आधी घातलं नव्हतं का?” मी विचारलं.

“घातलंय की.”

“मग पुन्हा?”

“हे राघूचं.”

तिनं बरणीचं झाकण लावलं.

“गाव म्हणतं, गया विसरते. कसली विसरते!” ती म्हणाली. “त्या दिवशी जेवायला बसला. पहिलाच घास घेतला आणि म्हणाला, आई, अळणी झालंय. मी शेणानं हात भरलेली. म्हटलं, खा गुमान, मोठा लागून गेलास राजाचा पोर! ताट सरकवलं आणि उठला तसाच. पोहायला गेला...”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं ते पुसलं नाही.

“तेव्हापासून त्याच्या वाटचं घालते. खारट होतं, मला कळत नाही का? घरात मी खाते ते पाणी ओतून खाते.” आणि मग एकदम हसली. “मेला जिभेचा फार चोखंदळ होता हो. लग्न झालं असतं तर बायकोला छळलं असतं ह्यानं. मीच सुनेच्या बाजूनं भांडले असते!”

एका डोळ्यात आसू आणि एका डोळ्यात हसू म्हणतात, ते मी तिथं बघितलं. ह्या बाईला आम्ही इतकी वर्षं खुळी समजत होतो. मला माझीच लाज वाटली.

विश्वंभरानं तोंड उघडलं. रोज संध्याकाळी ओसरीवर बोलायचा त्या गोड आवाजात तो म्हणाला, “मावशी, किती दिवस हे दुःख उराशी धरणार? सोडून द्या. सोडलंत की सुख लागेल.”

“सोडून देऊ?”

“हो.”

“आणि राघूला कुठं ठेवू मग?”

विश्वंभर खांद्यावरचा पंचा सारखा करू लागला.

“आणि मला काय धाड भरलीय?” ती म्हणाली. “रडते, तोंड धुते, म्हशीची धार काढते. भूक लागते, झोप लागते. शेजारची सून बाळंत झालीय, तिच्या लेकराला मीच न्हाऊ घालते. परवा त्यानं माझ्या अंगावर मुतून ठेवलं तर इतकी हसले की ती सून धावत आली. बरी आहे मी, महाराज. माझी काळजी नका करू.”

तिनं पदरानं नाक पुसलं. वाडगा माझ्या हातात दिला. मग तिला काहीतरी आठवलं.

“ते जाऊ द्या. तुमची शेवंता दिसते कशी हो? आईवर गेलीय की तुमच्यावर?”

साधा प्रश्न. बायकाबायकांत विचारतात तसा. तिनं काही मनात धरून विचारला नव्हता.

विश्वंभर हसला. उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

“तिच्या... तिच्या आईवर...”

“आई कशी होती?”

तो थांबला. कपाळाला आठी पडली. मी त्याच्या कपाळावर आठी कधी पाहिली नव्हती. तो उन्हात डोळे बारीक करून समोर बघत होता, समोर तर नुसती भिंत होती, गोवऱ्या थापलेली.

“आई कशी होती, महाराज?”

“आठवत नाही,” तो म्हणाला.

“असं कसं?”

“मावशी, मला आठवत नाही हो. चेहरा... चेहराच येत नाही समोर.” त्याचा आवाज चिरकला. “कमरेला चाव्या होत्या, त्या वाजायच्या. तेवढंच येतंय. चाव्या वाजतात आणि वर बघावं तर काहीच नाही... मी काय केलं हे?”

तो उंबऱ्यावर मटकन बसला. हसू गेलं होतं. त्या हसण्याखालचा चेहरा किती म्हातारा झाला होता, ते मला तेव्हा दिसलं. आणि मग तो रडायला लागला. माणसं एकटी असताना रडतात तसा, तोंड वेडंवाकडं करून, नाक गळू देत.

मी पुढं झालो, तर गयाबाईनं हातानं मला अडवलं. तिनं झाकलेल्या भाकरीचा तुकडा मोडला, वाडग्यातल्या कालवणात बुडवला आणि त्याच्या हातावर ठेवला.

“खा.”

त्यानं तो रडत रडतच तोंडात घातला. एकदा चावला, दोनदा चावला, आणि एकदम तोंड वाकडं केलं.

“खारट आहे,” तो म्हणाला. “मावशी, फार खारट आहे हो!”

“आहेच,” ती म्हणाली. “पाणी देऊ?”

मला इतका आनंद झाला की काय सांगू! ह्या माणसाला खारट लागलं! मी तिथं त्या वेळी टाळ्याच पिटणार होतो, हातात वाडगा होता म्हणून राहिलो.

परत येईपर्यंत सावल्या कलल्या होत्या. बुवा तसेच बसलेले. हातावरचं ताक सुकून पांढरं झालं होतं. त्यांनी विश्वंभराच्या सुजलेल्या डोळ्यांकडं एकदा पाहिलं, माझ्याकडून वाडगा घेतला, कालवण काठवटीत ओतलं आणि पुन्हा कालवायला लागले. वांग्याच्या फोडी मोडून भाकरीत गेल्या. वास सुटला.

त्यांनी घास दिला.

विश्वंभरानं खाल्ला. खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळतच होतं.

“कसं आहे?” बुवांनी विचारलं.

“वाईट वाटतंय, बुवा. छातीत दुखतंय. शेवंतेला टाकून आलो तेव्हा ती माझ्या धोतराला धरून चालत होती, ते आठवलं वाटेत. मुठीत धोतर... तिच्या मामानं सोडवली ती मूठ.”

“हं.”

“आणि...”

“आणि काय?”

“आणि भूक लागलीय.”

बुवांनी त्याच्या पत्रावळीवर काला वाढला. मग आणखी वाढला. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला कधी असं जेवताना पाहिलं नव्हतं. पानावर देव आल्यासारखा दोन्ही हातांनी खात होता. माझ्या वाट्याला काठवटीच्या कडेला लागलेलं तेवढं उरलं. ते मी बोटानं निपटून खाल्लं. तो घास मला अजून जिभेवर आहे. आता कुणी मला पंचपक्वान्नं वाढली तरी त्याची सर यायची नाही, आणि हे मी म्हातारपणी काहीतरी बरळतोय असं समजू नका.

जेवणं झाली. विश्वंभर हात धुऊन ओसरीच्या कडेला बसला. डोळे अजून थांबत नव्हते. थोडं रडायचा, थोडा थांबायचा. मध्येच म्हणाला, “तिच्या हनुवटीवर तीळ होता. बारीक.” मग पुन्हा रडला.

“कुणाच्या?” मी विचारलं.

“दोघींच्या. आईच्याही, लेकीच्याही.”

बुवा काठवट धूत होते.

“बुवा, माझं सुख गेलं,” विश्वंभर म्हणाला.

“गेलं तर जाऊ दे.”

“इतक्या वर्षांची साधना पाण्यात गेली.”

“पाण्यात नाही जात काही. सुपारी खातोस?”

“नको.”

बुवांनी काठवट चिंचेच्या बुंध्याला टेकवून उपडी ठेवली. हात पंच्याला पुसले. मग आत गेले आणि बाहेर आले ते स्वतःच्या वहाणा हातात घेऊन. जाड तळाच्या, तेल पाजलेल्या. मठात तेवढा एकच धड जोड होता, आम्ही बाकी अनवाणी. त्यांनी वाकून त्या विश्वंभराच्या पायाशी ठेवल्या.

विश्वंभर विंचू चावावा तसा उठला. गुरूनं शिष्यापुढं वहाणा ठेवायच्या?

“बुवा, हे काय करता!”

“वाट तापली आहे. नदी उतरेपर्यंत पोळतं.”

“बुवा...”

“आत्ता निघालास तर उद्या उजाडायला पोचशील. हळद सापडेल.”

विश्वंभर वहाणांकडं बघत उभा राहिला. पाय घालावेत की नाहीत, त्याला कळेना. शेवटी लहान पोरासारखं तो म्हणाला, “मला भीती वाटते.”

“वाटणारच.”

“तिनं तोंड फिरवलं तर?”

“तर पाठ बघ तिची. तीही पाहिली नाहीस इतकी वर्षं.”

मी चिंचेकडं तोंड केलं. मला बघवत नव्हतं.

“पण बुवा, माझं तिथं काय काम?” विश्वंभर म्हणाला. “कन्यादान मामा करणार. अंतरपाट भटजी धरणार. पंगती भावकी उठवणार. वरातीला गाव आहे. सगळं ती पोरकी असतानाच ठरलंय, माझ्यावाचून. मी तिथं गेलो काय आणि न गेलो काय?”

बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला हलकेच पायरीकडं वळवलं.

“जा, बाबा. त्या मांडवात रडायला एक माणूस कमी आहे.”